टाउन्स व्हॅन झँटच्या टेक्ससमध्ये पाच दिवस

पहिला दिवस, २८ डिसेंबर : ह्यूस्टन ते फोर्ट वर्थ

सकाळी सात वाजता आम्ही केटीहून निघालो. केटी हे ह्यूस्टनच्या पश्चिमेचे उपनगर असून मी तेथे गेली चौदा वर्षे राहतो. बरोबर माझी थोरली बहीण होती. ती कऱ्हाडची; तेथील भजनी मंडळात तिने तीस वर्षे अभंग म्हटले आहेत, आणि या हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी ती माझ्याकडे आली होती. नाताळच्या सुटीत तिला कोठे न्यावे याचा विचार चालला असताना एक दिवस तिनेच विचारले, "अरे, तुझ्या गाडीत नेहमी एक माणूस एकटाच गिटारवर गात असतो, तो कोण?" तिच्या या प्रश्नातूनच आमचा प्रवास ठरला.

तो माणूस म्हणजे गीतकार-गायक टाउन्स व्हॅन झँट. त्याचा जन्म ७ मार्च १९४४ रोजी फोर्ट वर्थ येथे झाला आणि १ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, टेनेसी राज्यातील स्मर्ना या गावी तो वारला. कंट्री संगीताची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गानप्रकाराची, ओळख केवळ नावापुरती असलेल्यांनीही विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड ही नावे ऐकलेली असतात. या दोघांनी मिळून गायलेले 'पांचो अँड लेफ्टी' हे गीत १९८३ साली अमेरिकेतील कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. ते गीत टाउन्सने लिहिले, त्याला चाल टाउन्सने दिली आणि अकरा वर्षे आधी ते प्रथम गायलेही त्यानेच. परंतु त्याच्या स्वतःच्या आवाजातील एकही गाणे त्या यादीत कधी चढले नाही.

त्याच्या आयुष्याच्या क्रमाने हिंडायचे तर फोर्ट वर्थ, गॅल्व्हस्टन, ह्यूस्टन, ऑस्टिन आणि शेवटी पुन्हा फोर्ट वर्थ असे जावे लागले असते, कारण त्याचे दफनस्थान फोर्ट वर्थजवळच आहे. परंतु १ जानेवारीला गॅल्व्हस्टनमध्ये असायचेच, हे मी आधीपासून ठरवले होते, त्यामुळे बाकीचा क्रम उलटापालटा झाला.

पंचेचाळीस क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेकडे जाताना पहिले दीड-दोन तास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडी असते आणि नंतर ती विरळ होत जाऊन माळरान सुरू होते. डॅलसच्या अलीकडेच वारा फिरला. उत्तरेकडून येणाऱ्या या थंड वाऱ्याला टेक्ससमध्ये 'नॉर्दर' म्हणतात आणि तो आला की तासाभरात अंगावरचे कपडे अपुरे वाटू लागतात. सुमारे सव्वाचारशे किलोमीटर अंतर कापून दुपारी फोर्ट वर्थला पोहोचलो, तेव्हा ताईने शालीवर माझे जाकीट घेतले होते.

हॉटेलात सामान टाकून आम्ही वस्तुसंग्रहालयांच्या परिसराजवळील व्हॅन झँट कॉटेज पाहायला गेलो. फोर्ट वर्थमध्ये मूळ जागेवर उभे असलेले हे सर्वांत जुने घर. बुटके, लाकडी आणि साधे. ते बंद होते, म्हणून बाहेरूनच पाहिले. ते क्लेबर मिलर व्हॅन झँट यांच्या मालकीचे होते. हे टाउन्सचे खापरपणजोबा, यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले मेजर आणि या शहराच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचे वडील आयझॅक व्हॅन झँट हे टेक्सस स्वतंत्र प्रजासत्ताक असतानाच्या काळातील पुढारी होते आणि त्यांच्या नावाचा एक परगणा पूर्व टेक्ससमध्ये आजही आहे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, टाउन्स गरिबीतून वर आलेला गायक नव्हता. वडील तेल कंपनीचे वकील होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे बालपण टेक्सस, माँटाना, कोलोरॅडो आणि इलिनॉय अशा राज्यांत विभागले गेले. त्याने वकील व्हावे किंवा राजकारणात जावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. १९५६ साली दूरचित्रवाणीवर एल्विस प्रेस्लीला पाहून या मुलाने गिटार मागितली. वडिलांनी गिटार दिली, मात्र 'फ्रॉलाइन' हे त्यांच्या आवडीचे गाणे आधी शिकण्याच्या अटीवर, असे टाउन्स सांगत असे. पुढे १९७२ च्या आपल्या तबकडीवर त्याने ते गाणे मुद्दाम घेतले. त्या वेळी वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यातला त्याचा आवाज मी ऐकतो तेव्हा मला तो वडिलांना गाणे पाठ म्हणून दाखवतो आहे असे वाटते.

दुसरा दिवस, २९ डिसेंबर : डायडो आणि डेंटन

फोर्ट वर्थच्या वायव्येला ईगल माउंटन नावाचा जलाशय आहे आणि त्याच्या काठाजवळ डायडो ही जुनी वस्ती. कार्थेजच्या पुराणकथेतील राणीचे हे नाव टेक्ससच्या माळावर ऐकताना चमत्कारिक वाटते. वस्ती जवळजवळ उरलेली नाही. एक लहान चर्च आणि ओकच्या झाडांखाली पसरलेली दफनभूमी आहे. व्हॅन झँट घराण्यातील अनेकांची थडगी येथे आहेत आणि टाउन्सच्या अस्थींचा काही भाग येथे पुरलेला आहे.

शिळा शोधायला वेळ लागला नाही, कारण तेवढ्या एकाच शिळेच्या कडेवर नाणी आणि गिटारच्या नख्या मांडलेल्या होत्या. त्यावर त्याचे नाव, दोन तारखा आणि त्याच्याच एका गीतातील तीन-चार शब्द आहेत. मराठीत सांगायचे तर 'जगणे म्हणजे उडणे'. ताईने शालीच्या पदराने शिळेवरची वाळकी पाने झाडली, मग थोडा वेळ ती उभी राहिली. वारा इतका होता की, बोललेले नीट ऐकू येत नव्हते. गाडीत येऊन बसल्यावर तिने 'पांचो अँड लेफ्टी' लावायला सांगितले आणि अर्थ विचारला.

अर्थ सांगणे सोपे नाही. पांचो हा मेक्सिकोच्या वाळवंटात मारला गेलेला दरोडेखोर आहे. लेफ्टी हा त्याचा साथीदार. पांचो मेला त्याच दिवशी तो उत्तरेला, ओहायोमध्ये निघून गेला, आणि जाण्यासाठी त्याच्याकडे पैसे कोठून आले, हे कोणालाच ठाऊक नाही. आता तो क्लीव्हलंडच्या थंडीत एका स्वस्त हॉटेलात म्हातारा होतो आहे. सैनिक म्हणतात की, आम्ही पांचोला केव्हाही पकडू शकलो असतो, आम्ही केवळ दयेपोटी त्याला मोकळे सोडले होते. लेफ्टीने मित्राला विकले का? गीत हे कोठेही म्हणत नाही. उलट शेवटी प्रार्थना करायची ती पांचोसाठी, पण थोडी लेफ्टीसाठीही, असे सांगते. दरोडेखोरांची गाणी पुष्कळ आहेत, परंतु फितुरीचा संशय असलेल्या माणसाच्या म्हातारपणाकडे इतक्या करुणेने पाहणारे दुसरे गाणे माझ्या ऐकण्यात नाही.

ताईने ते दोनदा ऐकले. मग तिने जे विचारले ते ऐकून मी गाडी सुरू करायची थांबलो. ती म्हणाली, "यात त्याचं नाव कुठं आलं?"

मी म्हणालो, "कोणाचं? पांचोचं?"

"अरे, लिहिणाऱ्याचं. आपल्याकडं शेवटच्या चरणात येतं ना, तुका म्हणे, नामा म्हणे, म्हणे नामयाची जनी. कोणीही गायलं, कुठंही गायलं, तरी कळतं कुणाचं ते. याच्यात नाव नसेल तर दुसऱ्यानं गायलं की त्याचंच होणार."

ताईने सहज म्हणून सांगितलेली ही गोष्ट टाउन्सच्या साऱ्या कारकिर्दीला लागू पडते. ज्या परंपरेत नाममुद्रा गीताच्या आतच गुंफलेली असते, तेथे गायक बदलला तरी कवी हरवत नाही. अर्थात मुद्रेचाही एक धोका असतो आणि तोही ताईनेच सांगितला : 'तुका म्हणे' जोडून दुसऱ्यांनी रचलेले अभंगही गाथ्यात शिरलेच. परंतु तेथे निदान कवीच्या नावाचा मान वाढतो. कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातील गाण्याच्या व्यवसायात मात्र लिहिणाऱ्याचे नाव तबकडीवरील बारीक अक्षरांत राहते आणि नभोवाणीवर ते कोणी उच्चारत नाही.

एक उलट गोष्टही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कायद्यानुसार एकदा प्रसिद्ध झालेले गीत कोणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. त्यासाठी प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे ठरलेली रॉयल्टी द्यावी लागते. १९८३ साली हा दर एका गीताला सव्वाचार सेंट होता आणि ती रक्कम गीतकार व प्रकाशक यांच्यात वाटली जाई. शिवाय नभोवाणीवर गाणे वाजले की, त्याचा मोबदला तेथील पद्धतीप्रमाणे गीतकाराकडे जातो, गायकाकडे जात नाही. म्हणजे विली नेल्सनचा आवाज देशभर घुमत होता, तेव्हा त्यातील पैशाचा एक झरा टाउन्सकडे वाहत होता. त्याच्या उत्तरायुष्याचा मोठा आधार तोच होता. त्या गाण्याच्या चित्रफितीत त्याला एक लहानशी भूमिकाही मिळाली. तो सैनिकांच्या तुकडीचा कप्तान झाला आहे, आणि दिवसाला शंभर डॉलर मिळाल्याचे तो कृतज्ञतेने सांगत असे. ज्याने गीत रचले, त्याने त्यात सैनिकाच्या वेषात दोन क्षण दिसावे आणि त्याचाही त्याला आनंद व्हावा, हे मला फार लागते.

दुपारी आम्ही डेंटनला गेलो. हे विद्यापीठाचे गाव डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन्ही शहरांच्या उत्तरेला, त्यांच्याशी त्रिकोण करून वसले आहे. 'पांचो अँड लेफ्टी' डेंटनजवळच्या एका मोटेलमध्ये लिहिले गेले, असे टाउन्सने सांगितले आहे. त्या आठवड्यात डॅलसमध्ये धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांचा मोठा मेळावा होता आणि त्याच वेळी भारतातून आलेल्या बालगुरू महाराजजींचे भक्तही तेथे जमले होते. शहरातील सगळ्या खोल्या भरल्यामुळे त्याला दूर जावे लागले. खोलीत करण्यासारखे काही नव्हते, म्हणून तो लिहीत बसला. ते मोटेल कोणते, हे शोधण्याचा मी प्रयत्न केला नाही. महामार्गालगत एका साध्या उपाहारगृहात कॉफी घेतली आणि अंधार पडण्यापूर्वी दक्षिणेचा रस्ता धरला. रात्री साडेनऊला ऑस्टिन.

तिसरा दिवस, ३० डिसेंबर : ऑस्टिन

टेक्सस विद्यापीठ सुटीमुळे बंद होते. तरीही सकाळी आम्ही त्याच्या आवारातून चाललो, कारण एकाच आवारात दोन वास्तू पाहायच्या होत्या. विधी महाविद्यालयाची मुख्य इमारत 'टाउन्स हॉल' म्हणून ओळखली जाते; टाउन्सच्या आईच्या माहेरचे न्यायशास्त्रज्ञ जॉन चार्ल्स टाउन्स यांचे नाव तिला दिलेले आहे. तेथून काही अंतरावर विद्यार्थी भवनात 'कॅक्टस कॅफे' नावाचे छोटे गाण्याचे सभागृह आहे. १९७९ पासून तेथे गीतकार-गायक एकट्याने गिटार घेऊन गात आले आणि टाउन्स त्यांतला एक होता. ज्या विद्यापीठात घराण्याचे नाव दगडात कोरलेले आहे, त्याच विद्यापीठातील एका लहान खोलीत तो जेमतेम शंभर-दीडशे लोकांसमोर गायला.

तेथून क्लार्क्सव्हिल. हा भाग गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी १८७१ मध्ये वसवला. पुढे शहराने त्याची उपेक्षा केली आणि एक द्रुतगती मार्ग त्याच्या कडेतून काढला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात टाउन्स येथे एका जुन्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहत होता. आज तेथील घरांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडे गेल्या आहेत. परंतु 'हार्टवॉर्न हायवेज' या १९७५-७६ मध्ये चित्रित झालेल्या माहितीपटात जुने क्लार्क्सव्हिल जिवंत आहे. त्यात सेमूर वॉशिंग्टन नावाचे वृद्ध कृष्णवर्णीय लोहार टाउन्सच्या पाठीशी बसलेले आहेत. टाउन्स 'वेटिन अराउंड टू डाय' हे गाणे म्हणतो आणि ऐकता ऐकता त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. कोणी त्यांना रडायला सांगितलेले नाही. आयुष्यभर घोड्यांचे नाल ठोकलेल्या त्या माणसाला त्या गाण्यात काय दिसले असेल, ते आपण फक्त त्यांच्या चेहऱ्यावर वाचायचे. हॉटेलात मी ताईला तो भाग दाखवला. ती काही बोलली नाही. पदराने तिने स्वतःचेच डोळे टिपले.

दुपारी शहराच्या दक्षिणेकडील लाइव्ह ओक दफनभूमीत गेलो. येथे टाउन्सचा मित्र ब्लेझ फोली आहे. मूळ नाव मायकल डेव्हिड फुलर, जन्म १९४९, अर्कान्सासमधील माल्व्हर्नचा. टाउन्स अल्पपरिचित म्हणावा, तर ब्लेझ त्याच्याहून अपरिचित. घर नाही, पैसा नाही, बुटांवर आणि कपड्यांवर चंदेरी चिकटपट्टी लावून तो हिंडे. १ फेब्रुवारी १९८९ रोजी, एका वृद्ध मित्राची बाजू घेताना झालेल्या भांडणात, त्या मित्राच्याच मुलाने झाडलेल्या गोळीने तो ऑस्टिनमध्ये मरण पावला. त्याच्या शवपेटीलाही मित्रांनी तीच चिकटपट्टी गुंडाळली होती. त्याचे 'इफ आय कुड ओन्ली फ्लाय' मर्ल हॅगार्डने गायले आणि २००० साली आपल्या तबकडीला तेच नाव दिले. 'क्ले पिजन्स' हे गीत जॉन प्राइनने २००५ मध्ये गायले. पुन्हा तेच : गीत एकाचे, आणि लोकांच्या कानात बसलेला आवाज दुसऱ्याचा. टाउन्सने आपल्या या मित्रावर 'ब्लेझेस ब्लूज' हे गीत लिहिले, आणि त्यात मात्र नाव शीर्षकातच आहे. "मित्रानं तरी मुद्रा लावली," असे ताई म्हणाली.

दारूविषयी येथेच लिहितो. टाउन्सचे आणि त्याच्या अनेक मित्रांचे आयुष्य दारूने पोखरले, आणि टाउन्सच्या बाबतीत काही काळ हेरॉइननेही. त्याच्या चाहत्यांत असे मानणारे पुष्कळ आहेत की, त्या दुःखातूनच गाणी आली. मला ते मान्य नाही. त्याच्या उत्तम गीतांपैकी बहुतेक १९६६ ते १९७३ या काळातील आहेत. १९७८ च्या 'फ्लाइंग शूज'नंतर पुढची स्टुडिओतील तबकडी येण्यास १९८७ उजाडले. मधली ती नऊ वर्षे दारूने काय केले याचा पुरावा आहेत. दारूने गाणी दिली नाहीत, ती हिरावून घेतली.

चौथा दिवस, ३१ डिसेंबर : ऑस्टिन ते ह्यूस्टन

सकाळी दोनशे नव्वद क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालो. ब्रेनमच्या आसपासच्या टेकड्या वसंतात निळ्या फुलांनी भरून जातात. डिसेंबरात त्या करड्या असतात. दुपारी जेवायला घरी, ताईने केलेले पिठले आणि भात. चार दिवसांनी तिखट खाल्ले.

संध्याकाळी चार वाजता ह्यूस्टनच्या मध्यवर्ती भागात, ऑस्टिन आणि काँग्रेस या रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेलो. न्यायालयांच्या सावलीत तेथे एक जुनी लहान इमारत उभी आहे. साठच्या दशकाच्या मध्यात टाउन्स ह्यूस्टन विद्यापीठात कायद्याच्या पूर्वतयारीचे शिक्षण घेत होता आणि रात्री 'जेस्टर लाउंज' नावाच्या ठिकाणी दहा डॉलरांवर गात होता. तेव्हा तो इतरांचीच गाणी म्हणे. त्यांत याच शहरातील ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्सची पुष्कळ असत आणि त्यांच्या बोटांची धाटणी त्याने आपल्या गिटारवर उतरवली. १९६६ मध्ये वडिलांनी त्याला इतरांची गाणी सोडून स्वतःची लिहिण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी ते वारले. ऑस्टिनमध्ये त्या लोहाराला रडवणारे गाणे हे टाउन्सचे पहिले गंभीर गीत होते आणि ते या काळातले आहे. वय बावीसच्या आसपास, नुकतेच लग्न झालेले, आणि विषय मरणाची वाट पाहत जगण्याचा.

गीतकार मिकी न्यूबरीने त्याला नॅशव्हिलला नेले आणि १९६८ साली पहिली तबकडी निघाली. ती ऐकताना मला आजही हळहळ वाटते. निर्मात्यांनी साध्या गीतांवर इतकी वाद्ये आणि इतके प्रतिध्वनी चढवले की, शब्द त्यांखाली गुदमरले. टाउन्सलाही ते पटले नसावे, कारण पुढच्याच वर्षीच्या तबकडीत त्याने त्यांतली काही गीते पुन्हा, साधेपणाने ध्वनिमुद्रित केली. १९७२ पर्यंत एकूण सहा तबकड्या निघाल्या. शेवटचीचे नाव 'द लेट ग्रेट टाउन्स व्हॅन झँट', म्हणजे 'कै. थोर टाउन्स', असे ठेवले गेले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. 'पांचो अँड लेफ्टी' आणि 'इफ आय नीडेड यू' ही दोन्ही गीते तिच्यावर आहेत. दुसरे गीत आपल्याला नॅशव्हिलमध्ये मित्र गाय क्लार्कच्या घरी तापात झोपलेले असताना स्वप्नात सुचले, उठून शब्द उतरवले आणि पुन्हा झोपलो, असे तो सांगे. एमिलू हॅरिस आणि डॉन विल्यम्स यांनी १९८१ मध्ये ते गायले आणि तेही कंट्री गीतांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

आणि मग जुलै १९७३. या कोपऱ्यावरच्या इमारतीत तेव्हा 'ओल्ड क्वार्टर' नावाचा छोटा मद्यालय-मंच होता. तेथे टाउन्सच्या मैफिलींचे ध्वनिमुद्रण झाले आणि १९७७ मध्ये ते दोन तबकड्यांच्या संचाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याची गाणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. साथीला कोणी नाही. एक आवाज आणि एक गिटार. मध्येच बाटल्या किणकिणतात, कोणी खोकते, तो एखादा विनोद सांगतो, लोक हसतात, आणि लगेच पुढच्या गाण्याच्या पहिल्या ओळीला सगळी खोली शांत होते. ह्यूस्टनचा जुलैमधला दमट उकाडा ज्याने अनुभवला आहे, त्याला त्या गच्च भरलेल्या खोलीतली हवासुद्धा ऐकू येते. नॅशव्हिलच्या स्टुडिओंना जे साधले नाही, ते या कोपऱ्यावर चार भिंतींत झाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा वर्षअखेरमुळे रस्ते ओस होते. दारावर त्या दिवसांची खूण दिसली नाही. मी फोनचा एक इअरफोन ताईला कानाला लावायला दिला, दुसरा मी लावला, आणि पदपथावर उभे राहून आम्ही 'टेकुमसेह व्हॅली' हे गाणे पूर्ण ऐकले. कोळशाच्या खाणकामगाराची मुलगी काम शोधायला दुसऱ्या गावी जाते आणि वाताहत होऊन मरते, एवढीच कथा. ताईला शब्द कळत नव्हते. मी कडवे संपले की अर्थ सांगत होतो. ती म्हणाली, "जात्यावरच्या ओवीसारखं आहे. आवाज चढवत नाही." त्याच्या गाण्याचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

पाचवा दिवस, १ जानेवारी : गॅल्व्हस्टन

ह्यूस्टनपासून गॅल्व्हस्टन ऐंशी किलोमीटर. शेवटी लांब पूल ओलांडून बेटावर उतरावे लागते. आम्ही प्रथम टेक्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेच्या आवारात गेलो. १८९१ मध्ये बांधलेली तिची 'ओल्ड रेड' ही लाल इमारत फार देखणी आहे. परंतु आम्ही स्थापत्य पाहायला आलो नव्हतो.

कोलोरॅडो विद्यापीठात शिकत असताना टाउन्सचे मद्यपान आणि उदासीनता पाहून आईवडील त्याला परत घेऊन आले आणि १९६४ च्या सुमारास या संस्थेत दाखल केले. तेथे तीन महिने त्याच्यावर इन्सुलिन धक्का-उपचार झाले. इन्सुलिनची मोठी मात्रा देऊन रक्तातील साखर इतकी खाली आणायची की रुग्ण बेशुद्ध होईल, आणि मग साखर देऊन शुद्धीवर आणायचे, अशी ती पद्धत होती. तीसच्या दशकात व्हिएन्नात ती निघाली, जगभर पसरली आणि गुण येतो याचा भरवसा न उरल्याने पुढे मागे पडली. या उपचारांत त्याच्या बालपणीच्या बऱ्याच आठवणी पुसल्या गेल्या. आईवडिलांनी हे भल्यासाठीच केले होते, आणि आईला त्याचा पुढे फार पश्चात्ताप झाला. फोर्ट वर्थचे घर, वडिलांची अट, माँटानातला बर्फ यांतले त्याला खरोखर किती आठवत होते आणि किती इतरांनी सांगितलेले होते, कोण जाणे. आपल्या गीतांत त्याने इतके प्रवासी, इतके बेघर लोक का उभे केले, याचे एक उत्तर मला त्या आवारात उभे असताना सापडल्यासारखे वाटले, तरी ते ठामपणे मांडण्याचे धैर्य मला होत नाही.

दुपारी सागरी भिंतीवर चाललो. १९०० च्या वादळात या शहराची हजारो माणसे गेली, त्यानंतर ही भिंत बांधली गेली. पाणी करडे होते. ताईने चपला काढून पाय बुडवले आणि हात जोडले.

संध्याकाळी 'ओल्ड क्वार्टर अकूस्टिक कॅफे'. ह्यूस्टनचा मूळ 'ओल्ड क्वार्टर' चालवणाऱ्यांपैकी एक असलेले रेक्स बेल यांनी १९९६ मध्ये या बेटावर त्याच नावाने ही जागा सुरू केली. बेल टाउन्सबरोबर बेस गिटार वाजवत. 'रेक्सेस ब्लूज' हे गीत टाउन्सने त्यांच्यासाठीच लिहिले. डिसेंबर १९९६ मध्ये टाउन्सचे खुब्याचे हाड मोडले, उपचारांना उशीर झाला, शस्त्रक्रियेनंतर तो वैद्यकीय सल्ला न मानता घरी आला आणि नववर्षाच्या संध्याकाळी हृदयाची लय बिघडून गेला. त्याचा आदर्श असलेला कंट्री गायक हँक विल्यम्स १९५३ मध्ये याच तारखेला वारला होता. टाउन्स गेल्यापासून गॅल्व्हस्टनच्या या जागेत १ जानेवारीला टाउन्सच्या नावाने जागर भरतो. कार्यक्रमपत्रिका नाही, निवेदक नाही. गाणारे एकामागून एक मंचावर येतात आणि टाउन्सची गीते म्हणतात.

खोली लहान होती. आम्हाला भिंतीकडेच्या दोन खुर्च्या मिळाल्या. विशीतला एक मुलगा, पांढऱ्या वेणीची एक वृद्ध बाई, गवंड्याचे कपडे अंगावर असलेला एक मनुष्य, असे कितीतरी जण गायले. काहींचे सूर हलले, काहींना कडवे आठवले नाही तेव्हा श्रोत्यांनी पुरवले. आणि जवळजवळ प्रत्येकाने गाण्यापूर्वी किंवा गाणे संपताना त्याचे नाव घेतले. 'टाउन्स', एवढेच, आडनावाशिवाय. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला ताईने माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मला कळले.

वृद्ध बाईने 'इफ आय नीडेड यू' म्हटले. त्यात लूप आणि लिल अशी दोन नावे येतात. ती टाउन्सने पाळलेल्या लहान पोपटांच्या जोडीची. ताईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की, हे गाणे तिला हवे आहे.

रात्री साडेदहाला आम्ही निघालो. पूल ओलांडून झाल्यावर एका पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा तिने पिशवीतून भजनाची वही काढली. मी गाडीतल्या दिव्याखाली एकेक ओळ वाचत होतो आणि ती देवनागरीत उतरवून घेत होती, शब्द पुन्हा पुन्हा विचारत, लूप आणि लिलसुद्धा. दोन पाने भरली. शेवटच्या ओळीखाली तिने जागा सोडली आणि लेखणी धरून विचारले, "झँट कसं लिहू? ट की ड?"

इंग्रजीत शेवटच्या टच्या आधी ड लिहितात, पण तो उच्चारात ऐकू येत नाही, असे मी सांगितले. तिने ट लिहिला.